बेरड, नाईकवाडी, तळवार : नांवांच्या पाठशुद्धीविषयीं

गडहिंग्लज पेठेंत व तिच्या आसपासच्या खेड्यांत जुने कागद पाहणाऱ्यास कांहीं नांवें वारंवार भेटतात. महजराच्या शेवटीं हजर असलेल्यांची नांवनिशी असते. तींत पाटील, कुळकर्णी, चौगुला, शेटे-महाजन, बलुतेदार अशी उतरंड लागल्यावर अखेरीस कोणी ‘नाईकवाडी’ उभा असतो. कोठें ‘नाईक’, कोठें ‘तळवार’, कोठें ‘शेतसनदी’, आणि क्वचित् ‘बेरड’. लिहिणाऱ्या कारकुनास त्या माणसाविषयीं अधिक सांगण्याची गरज वाटली नाहीं. तो कोण हें गांवास ठाऊक होतें. छापणाऱ्यास मात्र ती गरज वाटते. तो ‘नाईकवाडी’ या शब्दापुढें कंस घालतो आणि कंसांत लिहितो, ‘बेरड’. प्रस्तुत टीका या कंसावर आहे.

एवढ्याशा कंसावर इतका मजकूर खर्चण्याचें कारण काय, असें कोणी विचारील. कारण असें कीं, मोडी कागदांतील एका शब्दावर आज माणसांची शिक्षणें व नोकऱ्या अवलंबून आहेत, आणि तो शब्द वाचून छापण्याचें काम आपणां संशोधक-संग्राहकांच्या हातीं आहे. त्यांत आपण आपल्या पदरचा शब्द घातला, तर तो पुढें पुरावा म्हणून चालतो किंवा पुराव्याच्या आड येतो. ‘बेरड’ हें जातीचें नांव कीं वंशाचें, ‘नाईकवाडी’ हा हुद्दा कीं जात, हा वाद पंडितांपुरता राहिलेला नाहीं.

प्रथम ‘नाईक’ हा शब्द घेऊं. फलटणचे निंबाळकर नाईक होते, ते मराठे. बारामतीचे बाबूजी नाईक हे पेशवाईंतील ब्राह्मण सावकार. सुरपूरचे राजे नायक, ते बेडर. आणि ज्यास इंग्रजांनीं ३ फेब्रुवारी १८३२ रोजीं पुण्यास फांशी दिलें, तो उमाजी नाईक रामोशी. लमाणांच्या तांड्याचा मुख्य नाईक. गोव्याकडे तर हें आडनांव निरनिराळ्या ज्ञातींत सांपडतें. शब्दाचा मूळ अर्थ ‘पुढें चालणारा, मुख्य’ एवढाच. त्यावरून त्या माणसाचें काम कळतें, कुळी कळत नाहीं. ‘नाईकवाडी’ ही त्याच झाडाची फांदी : गांवाची वा गडाची राखण करणाऱ्या टोळींतील इसम. गडांच्या घेऱ्यांत मेटें राखणाऱ्या लोकांत रामोशी, बेरड, महार, मांग असे अनेक असत. तेव्हां सामानगडासारख्या किल्ल्याशीं संबंध असलेल्या कागदांत ‘नाईकवाडी’ हा शब्द आला म्हणजे तो अमुक जातीचाच, असा सिद्धान्त करण्यास आधार काय ? बहुधा तो बेरड असेल; आमचें म्हणणें ‘बहुधा’ या शब्दापुरतेंच आहे. संपादकानें तो टिपेंत लिहावा, कंसांत लिहूं नये.

‘तळवार’ या शब्दाची हकीकत याहून मनोरंजक आहे. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकांतील नागार्जुनकोंडा येथील इक्ष्वाकूंच्या शिलालेखांत ‘महातलवर’ ही पदवी येते, आणि ती धारण करणारे राजघराण्याशीं सोयरीक असलेले मोठे सरदार आहेत. पुढें कर्नाटकांत तोच शब्द उतरत उतरत गांवच्या राखणदारावर येऊन बसला. त्या राखणदारीचीं घराणीं झालीं आणि घराण्यांची जात. एका शब्दानें दीड हजार वर्षांत सरदारापासून वेसकऱ्यापर्यंत असा प्रवास करावा, हें समाजाच्या इतिहासाचें एक प्रकरणच आहे. परंतु महाराष्ट्रांत हल्लीं प्रचलित असलेल्या विमुक्त जातींच्या यादींत बेरडांची पोटजात म्हणून हा शब्द बहुधा ‘तलवार’ असा छापलेला आढळतो. कानडींतील ‘ळ’ रोमन लिपींत गेला, तेथें त्याचा ‘ल’ झाला, आणि रोमनमधून मराठींत परत येतांना राखणदाराचें शस्त्र झालें ! कोणा लेखकूच्या हातून पोथींत असा प्रमाद झाला असता, तर आपण पाठभेद म्हणून त्यावर टीप दिली असती. सरकारी यादी हीही एक संहिताच आहे. तिला तो नियम कां लावूं नये?

आतां ‘बेरड’. कानडींत ‘बेटे’ म्हणजे शिकार आणि ‘बेड’ म्हणजे शिकारी, व्याध. शिवास आपले डोळे वाहणारा कण्णप्पा कानडी भक्तिपरंपरेंत ‘बेडर कण्णप्पा’ म्हणून पूज्य आहे. त्याच नांवाचा बोलपट १९५४ सालीं कर्नाटकांत अतिशय लोकप्रिय झाला. म्हणजे घटप्रभेच्या पलीकडे हा शब्द देवळांत ऐकूं येतो. अलीकडे मराठींत त्याच्या अक्षरांची अदलाबदल होऊन ‘बेरड’ झालें, आणि त्याबरोबर अर्थही पालटला. ‘बेरड’ म्हणजे निर्लज्ज, कोडगा, मारास न भिणारा. हा अर्थ आमच्या घराघरांत पोरांस रागें भरतांना वापरला जातो, आणि बोलणाऱ्यास आपण कोणा माणसांचें नांव घेत आहों याची शुद्धही नसते. शब्दकोशांत दोन्ही अर्थ एकाखालीं एक बसवितात, तेव्हां वाचकास असें वाटतें कीं दुसरा अर्थ पहिल्यांतूनच निघाला असावा, त्या लोकांचा स्वभावच तसा असावा.

इतिहास काय सांगतो ? १७०५ सालीं औरंगजेबानें जातीनें चालविलेली शेवटची मोहीम वाकिनखेड्याची, म्हणजे पिडिया नायकाच्या बेडरांवरची होती. नव्वदीच्या घरांतल्या बादशहास त्या गढीपुढें कित्येक आठवडे अडकून पडावें लागलें. धनाजी जाधव व हिंदुराव घोरपडे हे मराठे सरदार नायकाच्या कुमकेस धांवले. गडहिंग्लजच्या वाचकास घोरपड्यांचें नांव परकें नाहीं. कापशी येथून फार लांब नाहीं. त्या प्रसंगीं नायक हा मराठ्यांचा मित्र, त्याचे बेडर हे नामांकित बंदूकवाले. १८५७ सालीं हत्यारबंदीच्या कायद्याविरुद्ध मुधोळ संस्थानांतील हलगलीच्या बेडरांनीं शस्त्र उचललें आणि त्यांतील अनेकांस त्या डिसेंबरांत फांशी झाली. त्यांच्यावर रचलेलें कानडी गीत फ्लीट यांनीं ‘इंडियन अँटिक्वेरी’ या नियतकालिकांत छापिलेल्या गीतांत आहे. बेडर हेंच नांव त्या गीतांत अभिमानाचें आहे. तोच समाज, तीच भाषा, आणि हलगली कांहीं सातासमुद्रांपलीकडे नाहीं.

मग दूषण आलें कोठून ? त्याचें मूळ सगळें इंग्रजांच्या माथीं मारण्याची हल्लीं रीत आहे. ती आम्हांस मान्य नाहीं. गांवच्या राखणदारावर संशय घेण्याची, चोरी झाली कीं माग त्याच्या दारीं नेऊन सोडण्याची आणि भरपाई त्याच्याकडून घेण्याची चाल आपल्याकडे पूर्वींपासून होती. तथापि एका माणसावरचा संशय सबंध जातीच्या रक्तांत आहे, असें छापील पुस्तकांतून सिद्ध करण्याचा उद्योग गेल्या दोन शतकांतलाच. उमाजीच्या पाठलागावर ज्या कॅप्टन मॅकिंटॉशची नेमणूक होती, त्यानेंच १८३३ सालीं रामोशांच्या उत्पत्तीवर व स्थितीवर ग्रंथ प्रसिद्ध केला. ग्रंथ माहितीनें भरलेला आहे, आणि तो वाचल्यावांचून या विषयांत पाऊल टाकतां येत नाहीं. परंतु तो पारध्यानें सावजावर लिहिलेला आहे, हें वाचतांना विसरूं नये. पुढें कॅम्बेल यांच्या देखरेखीखालीं मुंबई इलाख्याचें गॅझेटिअर निघालें. बेळगांवचा खंड १८८४ सालीं आणि कोल्हापूरचा १८८६ सालीं. त्यांत प्रत्येक जातीचा वर्ण, बांधा, घर, अन्न, वस्त्र आणि शेवटीं स्वभाव सांगितला जातो. स्वभावास दोन ओळी पुरतात ! मेहनती, काटकसरी, मद्यपी, चोरटे अशीं विशेषणें एखाद्या दुकानांतील मालाच्या चिठ्ठ्यांप्रमाणें लावून दिलेलीं आहेत. गॅझेटिअरांतील सण, पेठा, जमाबंदी, रस्ते यांची माहिती आम्हीं रोज वापरतों आणि वापरीत राहूं. पण या चिठ्ठ्यांस पुराव्याची किंमत देतां येत नाहीं.

१९०१ च्या खानेसुमारीचे मुख्य रिझले यांनीं त्यापुढची पायरी गांठली. नाकाची रुंदी व उंची मोजून माणसाचा वंश आणि त्याबरोबर त्याच्या जातीचा दर्जा ठरवितां येतो, असें त्यांचें मत होतें. मराठ्यांस त्यांनीं ‘शक-द्रविड’ या खान्यांत घातलें. मुंबई इलाख्यांत त्या खानेसुमारीचें काम एन्थोव्हेन यांच्याकडे होतें, आणि १९२० ते १९२२ या सालांत प्रसिद्ध झालेले ‘मुंबईच्या जाती व जमाती’ या विषयावरचे त्यांचे तीन खंड त्याच पाहणींतून उपजले. त्या खंडांचा मोठा गुण हा कीं, एकाच समाजाचीं प्रांतोप्रांतीचीं नांवें त्यांनीं परिश्रमानें एकत्र केलीं. मोठा दोष हा कीं, तीं नांवें एकत्र केल्यावर त्यांतील कोणतें स्वतःचें, कोणतें शेजाऱ्यानें दिलेलें, कोणतें सरकारचें आणि कोणतें केवळ हुद्द्याचें, हा भेद उरत नाहीं. सर्व एका मथळ्याखालीं समान होतात. आमच्या संपादकांचा कंस तेथून आला आहे. रिझले यांच्या मोजमापांची वाट १९३२ सालीं डॉ. घुर्ये यांनीं लाविली. हिंदुस्थान प्रांताबाहेर, विशेषतः महाराष्ट्रांत, नाकाचा आणि जातीच्या दर्जाचा मेळ बसत नाहीं हें त्यांनीं रिझले यांच्याच आंकड्यांवरून दाखविलें. तरीही ‘द्रविड वंशाची जमात’ हे शब्द मराठी टिपांतून अजून निघालेले नाहींत.

यांतील तिन्ही शब्द तपासून घेण्यासारखे आहेत. जुन्या वाचकाच्या लेखीं ‘द्रविड’ म्हणजे पंचद्रविड ब्राह्मण, आणि त्या पांचांत महाराष्ट्र ब्राह्मणही येतात. १८५६ सालीं कॉल्डवेल यांनीं दक्षिणेकडील भाषाकुलास तें नांव दिलें, आणि भाषेचें नांव पाहतां पाहतां रक्ताचें झालें. ‘वंश’ आमच्या बखरींत भोसल्यांचा असतो, सूर्याचा असतो. कातडीच्या रंगाचा व कवटीच्या आकाराचा वंश अगदीं अलीकडचा आहे. ‘जमात’ हा अरबी शब्द पेशवे दप्तरांत जमलेल्या लोकांचा, पथकाचा, पंथाच्या समुदायाचा वाचक असतो. इंग्रजींतील ‘ट्राइब’ शब्दाचा संसार त्याच्या गळ्यांत विसाव्या शतकांत पडला. म्हणून अठराव्या शतकाच्या कागदांत ‘बेरडांची जमात’ असे शब्द आढळल्यास तेथें शिबंदीची टोळी समजावी कीं ज्ञाति, हें संदर्भानें ठरवावें लागतें. (हीच सावधगिरी ‘वाणी’ शब्दासही हवी. या तालुक्यांत लिंगायतास सर्रास वाणी म्हणतात, मग त्यानें जन्मांत तराजू धरला नसला तरी.)

पुस्तकांतील विशेषण कायद्यांत गेलें, म्हणजे त्याचे परिणाम कागदापुरते राहत नाहींत. गुन्हेगार जमातींचा पहिला कायदा १८७१ चा; तो आरंभीं उत्तरेकडे लागू होता. १९११ च्या कायद्यानें त्याची कक्षा मुंबई इलाख्यापर्यंत आली. या कायद्यांत गुन्हा शाबीत व्हावा लागत नसे. नांव पुरे असे. त्यामुळें नांव कोणतें लिहिलें जातें, हा प्रश्न ज्याच्या-त्याच्या चुलीपर्यंत पोंचला. कोल्हापूर संस्थानांतही महार, मांग, रामोशी व बेरड यांच्या माथीं हजेरी होती. ती शाहू छत्रपतींनीं १९१८ सालीं बंद केली. गडहिंग्लजच्या बेरडांस हजेरींतून सुटका मिळाली, तेव्हां चार-पांच कोसांवरचें संकेश्वर खालसा मुलखांत होतें. एकाच घरच्या दोन भावांपैकीं एक सरहद्दीच्या कोणत्या बाजूस निजतो, यावर त्याची पत ठरावी अशी ती स्थिति होती. मुंबई सरकारनें तो कायदा १९४९ सालीं रद्द केला, आणि ३१ ऑगस्ट १९५२ पासून तो सर्व देशांतून गेला.

सरहद्दीची गोष्ट मात्र संपली नाहीं. ती याद्यांत शिरली. या याद्या आम्हीं संहिता म्हणून वाचल्या आणि जें आढळलें तें येथें देतों. मुंबई राज्यांतील अनुसूचित जमातींत ‘नायकडा’ हें नांव होतें. हे नायकडे मूळचे पंचमहाल व सुरत या बाजूचे. बेरडांशीं त्यांचा संबंध नाहीं. १९५६ सालीं प्रांतरचना झाली, बेळगांव म्हैसुरांत गेलें, आणि मुंबईच्या यादींतील ती ओळही त्याबरोबर गेली. म्हणून आजही कर्नाटकाच्या यादींत ‘मोटा नायक’ व ‘नाना नायक’ हीं नांवें दिसतात; ‘मोटा’ म्हणजे थोरला आणि ‘नाना’ म्हणजे धाकटा, हे शब्द शुद्ध गुजराती आहेत. कानडी राज्याच्या यादींत गुजराती विशेषणें कशीं, असा प्रश्न कोणाही पाठचिकित्सकास पडेल. त्या ओळींतील ‘नायक’ या अक्षरसाम्याचा आधार घेऊन कर्नाटकांतील नायक समाजानें आपला हक्क मांडला, आणि १९९१ सालीं संसदेनें त्याच ओळींत नाईक, नायक, बेड, बेडर व वाल्मीकि हे शब्द जोडले. २०२० सालीं परिवार व तळवार हेही नायक शब्दाचे पर्याय म्हणून आले. गुजरातच्या ओळीला कर्नाटकानें आपला अर्थ दिला. आणि जो अर्थ दिला तो अयोग्य होता, असें आम्हीं म्हणत नाहीं. मागासपणा व दारिद्र्य हीं अक्षरसाम्यावर अवलंबून नव्हतीं. आम्हीं फक्त पाठाची परंपरा सांगत आहों.

महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादींतही नायकडा, मोटा नायक, नाना नायक ही ओळ आहे. पण तींत बेडर शब्द नाहीं. येथील बेरड १९६१ च्या नोव्हेंबरांत ठरलेल्या चौदा विमुक्त जातींत पहिल्या क्रमांकावर आहेत. नाईकवाडी, तलवार, वाल्मीकि हे त्यांचे पोटभेद. रामोशी त्याच यादींत पण निराळ्या क्रमांकावर. फलितार्थ हा कीं, हिरण्यकेशीच्या कांठीं जो विमुक्त, तो हुक्केरी तालुक्यांत जमात. दोन्हीकडे सोयरिकी चालू आहेत. लग्न होऊन नदीच्या खालच्या अंगास गेलेली मुलगी आणि तिचा येथला भाऊ यांची कायद्यानें निराळी ओळख आहे, आणि त्यांच्या आज्याचा कागद मात्र एकच असेल, तोही कदाचित् आपल्यापैकीं कोणाच्या बासनांत.

२००१ च्या महाराष्ट्र कायद्याप्रमाणें जातीचा दाखला मागणाऱ्यानेंच ती सिद्ध करावयाची असते, आणि विमुक्त जातीस १९६१ पूर्वींचा पुरावा लागतो. २०२३ सालीं न्या. शिंदे समितीनें कुणबी नोंदींचा शोध आरंभिला, तेव्हां मोडी वाचणाऱ्यांस एकाएकीं केवढी मागणी आली हें आपण पाहिलेंच. २०२५ च्या एप्रिलांत केंद्र सरकारनें पुढील जनगणनेंत जातींची नोंद करण्याचें ठरविलें. म्हणजे नांव लिहिण्याचा प्रसंग पुन्हां घरोघर यावयाचा. अशा वेळीं एखाद्या छापील संग्रहांत ‘नाईकवाडी (बेरड)’ असें दिसलें, तर अर्जदार तें पान पुरावा म्हणून पुढें करील. आणि मूळ कागद मागवून पाहिल्यावर त्यांत ‘बेरड’ नाहीं असें निघालें, कीं त्याच्या खऱ्या हक्कावरही खोटेपणाचा शिक्का बसेल. संपादकाच्या पांडित्याचा दंड दुसऱ्यानें भरावा, हें कोणत्या न्यायांत बसतें ?

याच्या उलट दिशेचा दोष अधिक सद्‍भावनेनें होतो. ‘बेरड’ शब्द अपमानास्पद झाला आहे, म्हणून कागदांत तो असतांही त्याच्या जागीं ‘वाल्मीकि’ किंवा ‘आदिवासी’ छापावें, असा आग्रह आम्हीं ऐकला आहे. हेतु चांगला आहे. पण ज्या घराण्याकडे १९६१ पूर्वींचा ‘बेरड’ एवढाच शब्द शिल्लक आहे, त्याचा तो एकुलता पुरावा आपण सभ्यतेच्या नांवाखालीं पुसून टाकतों. शिवाय नवीं नांवें तरी निर्भेळ कोठें आहेत ? ‘वाल्मीकि’ हें उत्तरेकडे सफाईचें काम करणाऱ्या समाजानें घेतलेलें नांव. तेथें ते अनुसूचित जाति आहेत, कर्नाटकांत वाल्मीकि अनुसूचित जमात आहेत, आणि आमच्याकडे विमुक्त. ‘आदिवासी’ हा शब्द गेल्या शतकाच्या चवथ्या दशकांत ठक्करबाप्पांच्या कार्यामुळें रूढ झाला. तो अठराव्या शतकाच्या महजरांत घालणें म्हणजे उघड कालविपर्यास आहे.

कोणत्या नांवानें हांक मारून घ्यावयाची, याचा अधिकार त्या त्या समाजाचा. यमनापूरच्या भीमराव गस्ती यांनीं १९८७ सालीं आपलें आत्मकथन प्रसिद्ध केलें, त्यास त्यांनीं ‘बेरड’ हेंच नांव दिलें. ज्या शब्दानें त्यांच्या माणसांस पोलिसांनीं झोडपलें, तोच शब्द त्यांनीं मुखपृष्ठावर उभा केला. त्याच समाजांतील दुसरा कोणी स्वतःस नायक म्हणवील, आणि तोही त्याचा हक्क. आपल्या स्वतःच्या लेखनांत आपण त्यांचें ऐकावें. ‘बेरड’ हें विशेषण म्हणून वापरण्याची घरगुती संवय संशोधनाच्या गद्यांतून तरी काढून टाकावी. जुन्या कागदाच्या पाठावर मात्र आपलाही अधिकार नाहीं आणि त्यांचाही नाहीं. तेथें कारकुनानें लिहिलें तेंच राहावें.

म्हणून या भागांतील कागद छापतांना आमची सूचना अशी आहे कीं, ‘नाईक’, ‘नाईकवाडी’, ‘तळवार’, ‘शेतसनदी’ हे शब्द सूचींत हुद्द्यांच्या खालीं घ्यावे. ‘बेरड’, ‘रामोशी’ हे शब्द जेथें मुळांत असतील तेथेंच जातींच्या खालीं घ्यावे. आणि एकाच इसमास दोन कागदांत दोन नांवें असलीं, तर दोन्ही कागदांचे क्रमांक टिपेंत देऊन निर्णय वाचकावर सोडावा. ‘ळ’ आणि ‘ल’, ‘ड’ आणि ‘र’ यांविषयीं शंका असेल तेथें त्या ओळीचें छायाचित्र छापावें. हल्लीं त्यास खर्च फारसा येत नाहीं. ज्यांच्या घरीं असे कागद आहेत त्यांनीं त्यांवर शाईनें किंवा शिसपेन्सिलीनें कसलीही खूण करूं नये. ‘हा बेरड’ असें समासांत आज लिहिलेलें, दहा वर्षांनीं कोणत्या हातचें आहे हें ओळखूं येत नाहीं.